धुऱ्यावरचा निंब

आमचे गाव अमरावती जिल्ह्यात, चांदूर बाजार तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याकडे आहे. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात दुपारी चारच्या सुमारास गावावरून जे वावधन, म्हणजे वादळ गेले, त्याला आता महिना होत आला. आडवे झालेले खांब उभे राहिले, उडालेली टिने बहुतेक घरांवर पुन्हा चढली, आणि मृग लागल्यामुळे जो तो बियाण्याच्या आणि खताच्या मागे आहे. अशा वेळी मागचे काढून बसायला कोणाला सवड नसते. तरीही मी हे लिहितो आहे, कारण त्या चाळीस मिनिटांत जे गेले त्यातले बरेचसे कोणत्याही कागदावर आलेले नाही, आणि जे टळू शकले असते त्याविषयी गावाने आत्ताच काही ठरवले नाही, तर पेरणीच्या गडबडीत ते मागे पडेल.

आठवडाभर पारा ४४ अंशांच्या आसपास होता. त्या दिवशी सकाळपासून वारा पडलेला होता आणि पान हलत नव्हते. तीन वाजल्यानंतर डोंगराच्या बाजूला एक ढग उभा राहिला. फुलकोबीच्या गड्ड्यासारखा तो वर वर फुगत गेला आणि खालून निळाकाळा होत गेला. मग एकाएकी अंगाला गार वारा लागला. आमच्या आबाजींची पिढी सांगायची, की उन्हाळ्यात असा गार वारा आला की हातातले काम टाकून घर गाठावे. त्या सांगण्यात मोठे तथ्य आहे. तापलेल्या जमिनीवरची हवा वर चढते, समुद्राकडून आलेली वाफ तिला मिळते, आणि ढगाचा माथा बारा-पंधरा किलोमीटर उंचीपर्यंत जातो. तिथे बर्फाचे कण आणि कच्च्या गारा एकमेकांवर आदळत राहतात, आणि त्यातून ढगाच्या वरच्या भागात धन व खालच्या भागात ऋण विद्युतभार साचतो. पाऊस आणि गारा खाली येऊ लागल्या की त्यांच्याबरोबर थंड, जड हवा कोसळते आणि जमिनीवर आपटून चारी दिशांना पसरते. आपल्याला लागतो तो हाच वारा. ढग लांब दिसत असला तरी तेव्हा आपण विजेच्या टप्प्यात आलेलो असतो, कारण ढगापासून आठ-दहा किलोमीटरवरही वीज पडू शकते. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत जितके सेकंद जातात, त्यांना तीनने भागले की वीज किती किलोमीटरवर पडली ते कळते. ही वेळ तीस सेकंदांपेक्षा कमी असेल तर उघड्यावर थांबू नये.

त्या दिवशी गावात एक लग्न होते आणि मुहूर्त संध्याकाळचा होता. वाऱ्याने मंडप खांबांसकट उचलला आणि शेजारच्या वाडीत नेऊन टाकला. वरण, भात, वांग्याची भाजी असे सगळे शिजून तयार होते, त्यावर धूळ आणि पाणी पडले. आमच्या भागात बऱ्याच घरांवर टिने नुसती दगड ठेवून दाबलेली असतात. जोराचा वारा टिनाखाली शिरून ते वर रेटतो आणि टिनावरून वाहताना वरचा दाब कमी करतो, त्यामुळे छप्पर वरच्या बाजूला उचलले जाते, आणि छप्पर धरून ठेवण्यासाठी ठेवलेला दगडच घरातल्या माणसांवर येतो. गल्लीतल्या एका मोठ्या मायचा खांदा अशाच दगडाने मोडला. टिने हुकबोल्टने लोखंडी पाइपाला कसून घेण्याचा खर्च एका हंगामात पेलणारा असतो, पण तो दरवर्षी पुढच्या वर्षावर ढकलला जातो. आमच्याही गोठ्याचे तसेच झाले होते. लग्न मात्र मोडले नाही. पाऊस थांबल्यावर घराघरांतून पीठ, डाळ आणि जळण गोळा झाले, बायकांनी पुन्हा चुली मांडल्या, आणि रात्री साडेनऊला विठ्ठलाच्या मंदिरातल्या सभामंडपात, दारात उभ्या केलेल्या ट्रॅक्टरच्या उजेडात अक्षता पडल्या.

मी तेव्हा वावरात होतो. आमच्या वावराला लागून ज्या काकाजींचे वावर आहे, त्यांनी उन्हाळी कांदा काढून ढीग लावून ठेवला होता. आभाळ आले तसे ते ताडपत्री घेऊन ढिगाकडे धावले. बैलजोडी त्यांनी धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या निंबाला बांधलेली होती, कारण त्या बाजूला दुसरी सावलीच नाही. मी विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीत शिरलो आणि दारातून त्यांना हाका मारत राहिलो, पण वाऱ्यापुढे आवाज पोचत नव्हता. पहिल्या गारा टिनावर वाजू लागल्या आणि तेवढ्यात पांढरा उजेड आणि आवाज एकाच क्षणी झाला. काही वेळ मला कानांत शिट्टीशिवाय काही ऐकू येत नव्हते. काकाजी कांद्याच्या ढिगाला धरून बसलेले दिसले, तेव्हा जिवात जीव आला.

पाऊस कमी झाल्यावर आम्ही दोघे निंबाकडे गेलो. शेंड्यापासून मुळापर्यंत विताएवढ्या रुंदीची साल एका सरळ पट्ट्यात निघून गेली होती आणि आतले पांढरे, ओले लाकूड उघडे पडले होते; वीज जाताना सालीखालच्या रसाची क्षणात वाफ होते आणि साल फुटून उडते. तिचे तुकडे थेट कांद्याच्या ढिगापर्यंत आले होते. दोन्ही बैल एकाच कुशीवर, पाय ताणून पडले होते. अंगावर कुठे जखम नव्हती. धाकट्या बैलाच्या तोंडात कडब्याची काडी तशीच होती, आणि कासरा साधा करपलाही नव्हता. काकाजी त्याच्या शिंगावर हात ठेवून एवढेच म्हणाले, “म्याच बांधले ना बाप्पा त्यायले अठी.” मी म्हणालो, “काकाजी, तुमी बी अठीच उभे असते तर?” त्यांनी उत्तर दिले नाही. मी तसे बोलायला नको होते असे मला नंतर वाटत राहिले.

झाडावर पडलेली वीज बुंध्यातून जमिनीत उतरते आणि मुळांभोवती सगळीकडे पसरते. बुंध्यापासून लांब जावे तसा जमिनीतला विद्युतदाब पावलापावलाला कमी होत जातो, आणि दोन पायांखालच्या दाबात जितका फरक, तितका प्रवाह शरीरातून जातो. बैलाच्या पुढच्या आणि मागच्या पायांत चार-पाच फुटांचे अंतर असते, त्यामुळे हा फरक मोठा पडतो आणि प्रवाह छातीतून, काळजाजवळून जातो. म्हणूनच उघड्या माळावर सापडलेल्या माणसाने झाडापासून लांब, दोन्ही पाय जुळवून उकिडवे बसावे आणि कान झाकून घ्यावेत, जमिनीवर आडवे पडू नये, असे सांगतात. ते खात्रीचे संरक्षण नाही. दुसरा काहीच उपाय नसेल तेव्हाचे ते आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात २,८८७ माणसे वीज पडून गेली, आणि निसर्गाच्या प्रकोपाने झालेल्या मृत्यूंमध्ये त्यांचे प्रमाण एक तृतीयांशाहून जास्त होते. जनावरे त्या आकड्यात नाहीत.

मदतीसाठी पंचनामा लागतो आणि पंचनाम्यासाठी शवविच्छेदन लागते. पशुवैद्यक दुसऱ्या दिवशी दुपारी आले. तोपर्यंत, म्हणजे एक रात्र आणि अर्धा दिवस, काकाजी आणि गावातले चार-सहा पोट्टे कुत्री येऊ नयेत म्हणून बैलांजवळ बसून राहिले. सकाळपासून पुन्हा तेच ऊन होते. काकूंनी पोळ्याला घालायच्या झुली पेटीतून काढून दोघांवर टाकल्या आणि खड्ड्यात उतरवण्याआधी दोघांच्या कपाळाला हळदकुंकू लावले. ज्यांनी पोळा पाहिला आहे, त्यांना त्या हळदकुंकवाविषयी मी काही सांगायला नको. २०२२ मध्ये ठरलेल्या सरकारी निकषांप्रमाणे ओढकामाच्या एका मोठ्या जनावरामागे ३२,००० रुपये मिळतात. आमच्या बाजारात चांगल्या जोडीला लाखाच्या वर पैसे मोजावे लागतात, आणि नव्या जोडीला माणसाचा आवाज ओळखून नांगराच्या तासाच्या टोकाला आपोआप वळायला शिकवण्यात दोन हंगाम जातात.

पंचनाम्यात कांदा उभ्या पिकात धरला गेला नाही, कारण तो काढलेला होता. तो भिजला, चार दिवसांत सडायला लागला, आणि शेवटी धुऱ्यावर फेकावा लागला. संत्र्याचे दुखणे आणखी वेगळे आहे. आंबिया बहाराची, म्हणजे हिवाळ्याच्या शेवटी आलेल्या फुलांची फळे तेव्हा जेमतेम सुपारीहून मोठी होती. बोराएवढ्या गारांनी जी खाली पाडली, ती मोजता आली. मदतीसाठी नुकसान ३३ टक्क्यांच्या वर असावे लागते, आणि मोजणारे माणूस साहजिकच खाली पडलेले फळ आणि झाडावरचे फळ पाहून टक्के लावते. पण झाडावर जे राहिले त्याच्यावरही गारेचे डाग आहेत, आणि असे फळ पुढच्या महिन्यांत गळते किंवा मोठे झाले तरी व्यापारी ते बाजूला काढतो. फांद्यांची साल ज्या बाजूने सोलली गेली, तिथून बुरशी शिरते. म्हणून आम्ही सगळ्यांनी बोर्डो मिश्रणाची फवारणी केली, आणि तो खर्च वेगळाच. मे महिन्यातल्या गारपिटीचे खरे नुकसान दिवाळीच्या तोंडावर, तोडणीच्या वेळी कळते. तेव्हा पंचनाम्याची फाईल बंद होऊन महिने झालेले असतात. माझे स्पष्ट मत आहे, की फळबागांची पाहणी एकदाच न होता दीड-दोन महिन्यांनी पुन्हा झाली पाहिजे.

गावात चार रात्री वीज नव्हती. मुख्य लाइनचे खांब मोडले होते आणि गावाची डीपी, म्हणजे ट्रान्सफॉर्मर जळाला होता. वीज नाही म्हणजे नळयोजनेची मोटार बंद आणि चक्कीही बंद. पहिले दोन दिवस सगळे गाव दोन हातपंपांवर होते आणि पहाटे तीनपासून पाण्याच्या गुंडांची, म्हणजे हंड्यांची रांग लागायची. तिसऱ्या दिवशी ज्या मंडपवाल्याचा मंडप उडाला होता, त्यानेच आपला जनरेटर काढला. सकाळी तो नळयोजनेच्या विहिरीवर असायचा, दुपारी चक्कीवर, आणि संध्याकाळी समाजमंदिरात मोबाईल चार्ज करण्यासाठी. डिझेलची वर्गणी गावाने काढली, त्याने स्वतःच्या यंत्राचे भाडे घेतले नाही.

आता ज्या गोष्टीसाठी मी हे लिहायला घेतले, तिच्याकडे येतो. त्या दुपारी इशारा आला नव्हता असे नाही. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे ‘दामिनी’ नावाचे मोबाईल ॲप आहे. आपल्या जागेपासून २० आणि ४० किलोमीटरच्या टप्प्यात विजेचा धोका असला की ते सूचना देते. माझ्या मोबाईलवर ती आली, म्हणून मी खोलीजवळ थांबलो होतो. काकाजींकडे साधा बटनांचा फोन आहे. पण त्यांना ती मिळाली असती, तरी त्यांनी जायचे कुठे होते? गावापासून आमची वावरे अडीच किलोमीटर आहेत. मधल्या शिवारात पक्के छत एकही नाही. आहेत ते निंब, बाभळी आणि नाल्याकाठचे आंबे. निंदणाला एका वावरात पंधरा-वीस बाया असतात, सोयाबीन कापणीला त्याहून जास्त. पाऊस आला की त्या लेकराबाळांसह जवळच्या झाडाखाली जातात, कारण त्यांच्यापुढे दुसरे काही ठेवलेलेच नाही. ‘झाडाखाली थांबू नका’ असे आपण दर पावसाळ्यात फलकावर लिहितो, आणि मग कुठे थांबायचे ते लिहीत नाही.

म्हणून गेल्या आठवड्याच्या ग्रामसभेत आम्ही काही जणांनी मागणी मांडली, की शिवाराच्या तीन बाजूंना प्रत्येकी एक पक्की खोली असावी: चार भिंती, वर स्लॅब, विजेपासून बचावासाठी तांब्याची पट्टी आणि तिचे नीट केलेले अर्थिंग, आणि पंचवीस माणसे उभी राहू शकतील एवढी जागा. अर्थिंगचा आग्रह मी मुद्दाम धरला, कारण नुसत्या टिनाच्या उघड्या शेडमध्ये माणूस पावसापासून वाचतो, विजेपासून नाही. जागेचा प्रश्न निघाला तेव्हा सभा थोडी गप्प झाली. मग काकाजी उठले आणि रस्त्याला लागून असलेली आपली अर्धा गुंठा जागा देतो म्हणाले. ठराव लिहून पंचायत समितीकडे गेला आहे, आणि पैसे कधी मिळतात याची वाट न पाहता पहिल्या खोलीसाठी वर्गणी सुरू झाली आहे.

काकाजींची पेरणी या वर्षी ट्रॅक्टरने होईल. डवरणीला, म्हणजे पिकाच्या ओळींतले तण काढायला, आमची जोडी जाईल. परवा आम्ही जागा मोजायला गेलो. निंब तोडावा असे एक-दोघांचे म्हणणे पडले, काकाजींनी नाही म्हटले. खोली निंबापासून पुरेशी लांब असावी म्हणून त्यांनी स्वतः अंतर मोजून दाखवले, आणि आम्ही दहा बाय बारा फुटांवर आखणीची पांढरी फक्की मारली. पाऊस झाला तर फक्की पुसली जाईल, म्हणून चार कोपऱ्यांवर काहीतरी ठोकायला हवे होते. काकाजी गोठ्यात गेले आणि बैलांचे दोन खुंटे उपटून घेऊन आले. उरलेले दोन आम्ही बाभळीचे केले.