‘म्युझिक फ्रॉम द ओ.सी. : मिक्स १’ – बारा गाण्यांची मूळ घरे (नोंद तिसरी)

हे काम हाती घेताना ठरवले होते ते असे : ‘द ओ.सी.’ या अमेरिकन मालिकेतील गाण्यांचा पहिला संग्रह सीडीवर मिळवायचा, त्यातील बाराही गाण्यांचे मूळ अल्बम पहिल्या गाण्यापासून शेवटच्या गाण्यापर्यंत ऐकायचे, आणि प्रत्येक गाणे मूळ अल्बममध्ये कुठल्या जागी होते, संग्रहात कुठल्या जागी आले आणि मालिकेत कुठल्या प्रसंगाखाली वाजले, हे वहीत शेजारी शेजारी लिहून काढायचे. मागच्या नोंदीपर्यंत चार मूळ अल्बम ऐकून झाले होते, आता सात झाले आहेत. या खेपेला अल्बमांइतकाच वेळ खुद्द संग्रहाच्या सीडीने घेतला, म्हणून आधी तिच्याविषयी लिहितो.

जुनी सीडी ‘उत्तम स्थितीत’ असे सांगून मला विकण्यात आली होती. घरी आल्यावर ती दिव्याखाली तिरपी धरली, तेव्हा बाहेरच्या बाजूला वर्तुळाच्याच दिशेने गेलेला, साधारण दोन सेंटिमीटर लांबीचा ओरखडा दिसला. मध्यातून कडेकडे सरळ जाणारा ओरखडा असता तर मला फारशी काळजी वाटली नसती, कारण प्रत्येक फेरीत लेझर तो क्षणभरच ओलांडतो आणि सीडीवरील चूक-दुरुस्तीची संकेतपद्धती तेवढी तूट भरून काढते. वर्तुळाच्या दिशेने गेलेला ओरखडा मात्र सलग माहिती खाऊन टाकतो. सीडीचे वाचन आतून बाहेर होत जाते. या संग्रहाची लांबी पाऊण तासाहून थोडीच अधिक असल्यामुळे बाहेरची काही मिलिमीटरची पट्टी कोरीच आहे, आणि तिचा रंग किंचित वेगळा दिसतो. ओरखडा त्या कोऱ्या पट्टीत असता तर प्रश्नच नव्हता, परंतु तो नेमका तिच्या आतल्या काठाला, म्हणजे शेवटच्या गाण्यावर, अलेक्सी मर्डॉकच्या ‘ऑरेंज स्काय’वर पडला आहे. मऊ सुती कापडाने मध्यापासून कडेकडे सरळ पुसून ‘एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी’ या संगणकावरील सीडी-नकलेच्या प्रणालीच्या सुरक्षित वाचनपद्धतीने सीडी उतरवायला घेतली. पहिली अकरा गाणी काही मिनिटांत निर्दोष उतरली आणि बाराव्यावर यंत्र पुन्हा पुन्हा तीच जागा वाचत जवळजवळ पाऊण तास अडून राहिले. अखेर गाणे उतरले, पण दोन ठिकाणी संशयित नोंद राहिली आणि हेडफोनवर तिथे बारीक टिचकी ऐकू येते. गिटारच्या एकेका तारेभोवती भरपूर मोकळी शांतता असलेल्या गाण्यात ती टिचकी फार सलते. दुसरी प्रत मागवली आहे.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडी पार्श्वभूमी देतो. जॉश श्वार्ट्झ यांची ही मालिका फॉक्स वाहिनीवर ५ ऑगस्ट २००३ रोजी सुरू झाली आणि चार पर्वे, ९२ भाग होऊन फेब्रुवारी २००७ मध्ये संपली. कथा कॅलिफोर्नियातील न्यूपोर्ट बीचच्या श्रीमंत वस्तीत घडते. चिनो या साध्या गावातून आलेला रायन त्या वस्तीतील कोहेन कुटुंबात राहायला येतो, आणि त्या घरचा मुलगा सेथ हा इंडी, म्हणजे मोठ्या कंपन्यांच्या मुख्य प्रवाहाबाहेरच्या, बँडांचा भक्त असतो. गाण्यांची निवड अलेक्झांड्रा पॅटसावास यांची होती. २००४ ते २००६ या काळात मालिकेचे सहा संग्रह निघाले; पहिला मार्च २००४ चा, म्हणजे पहिले पर्व अजून चालूच होते तेव्हाचा.

सेथच्या आवडीमुळेच संग्रहातील एक गोष्ट मला पहिल्यापासून खटकत आली आहे. नाताळाच्या भागात तो दोन मुलींना आपल्या आवडीच्या वस्तूंचा संच भेट देतो. त्यात ब्राइट आइज, द शिन्स आणि डेथ कॅब फॉर क्युटी यांचे संगीत असते. या तिघांपैकी एकाचेही गाणे ‘मिक्स १’वर नाही. डेथ कॅबचे गाणे मिळते ते दुसऱ्या संग्रहात. मालिकेत गाणे वाजवायचे तर रचनेचा आणि ध्वनिमुद्रणाचा असे दोन हक्क मिळवावे लागतात, आणि तेच गाणे सीडीवर घालून विकायचे तर परवानगीची बोलणी पुन्हा करावी लागतात. त्यामुळे असा संग्रह मालिकेची संपूर्ण श्रवणवही कधीच होऊ शकत नाही. एवढे मान्य करून मगच तो ऐकायला बसावे, असे माझे मत झाले आहे.

आता जागांविषयी. ‘मिक्स १’ची सुरुवात अपेक्षेप्रमाणे फँटम प्लॅनेटच्या ‘कॅलिफोर्निया’ने, म्हणजे मालिकेच्या शीर्षकगीताने होते. बँडच्या २००२ च्या ‘द गेस्ट’ या अल्बमवरही तेच पहिले गाणे आहे. शीर्षकासाठी कापलेला तुकडा इतका कानात बसलेला असतो, की पूर्ण गाण्यात पियानोनंतर आवाज किती हळूहळू चढत जातो याकडे माझे आजवर लक्षच गेले नव्हते. अल जोल्सन यांनी १९२४ मध्ये गाजवलेल्या ‘कॅलिफोर्निया, हिअर आय कम’ची ओळख त्या ध्रुवपदात उघड आहे, आणि म्हणूनच पहिल्यांदा ऐकतानाही ते ओळखीचे वाटत असावे.

स्पूनचे ‘द वे वी गेट बाय’ हे ‘किल द मूनलाइट’ या २००२ च्या अल्बमवरील दुसरे गाणे आहे, आणि डँडी वॉरहोल्सचे ‘वी यूझ्ड टु बी फ्रेंड्स’ हेही २००३ च्या त्यांच्या अल्बमवरील दुसरेच. (डँडी वॉरहोल्सचे हे गाणे २००४ मध्ये ‘व्हेरॉनिका मार्स’चे शीर्षकगीत झाले, त्यामुळे आता ते कुठल्या मालिकेचे म्हणायचे यावर आपल्यात मतभेद होऊ शकतात.) दोन्ही बँडांनी आपापल्या अल्बमचे दार उघडल्यावर लगेच ठेवलेली ही गाणी संग्रहातही पूर्वार्धातच येतात. स्पूनचे गाणे तर पावणेतीन मिनिटांच्या आत आटोपते. पियानो, टाळ्या आणि खंजिरी एवढ्या भांडवलावर ते उभे आहे, आणि मूळ अल्बमवर त्याच्या आगेमागे तशीच कोरडी, मोकळी गाणी असल्यामुळे तिथे ते अधिक शोभते.

या पंधरवड्यातील खरा लाभ संग्रहाच्या उत्तरार्धात झाला. डव्हज या मँचेस्टरकडच्या बँडचे ‘कॉट बाय द रिव्हर’ हे ‘द लास्ट ब्रॉडकास्ट’ या २००२ च्या अल्बमचे शेवटचे गाणे आहे, आणि टुरिन ब्रेक्सचे ‘रेन सिटी’ही ‘ईथर साँग’ या २००३ च्या अल्बमच्या यादीत अखेरीलाच येते. म्हणजे ज्या गाण्यांनी त्यांच्या मूळ घरी निरोप घेतला, ती दोन्ही इथे निरोपाच्या आधीच येऊन गेली आहेत. ‘कॉट बाय द रिव्हर’ मी आधी फक्त संग्रहावरच ऐकले होते आणि ते मला थोडे लांबलेले वाटत असे. या आठवड्यात संपूर्ण ‘द लास्ट ब्रॉडकास्ट’ रात्री एका बैठकीत ऐकला. गिटारांचे आणि ढोलाचे मोठाले थर अंगावर घेऊन झाल्यावर शेवटी हे गाणे आले, तेव्हा सहा मिनिटांच्या आसपासची त्याची लांबी अगदी योग्य वाटली. संग्रहात त्याच्या पाठीशी तो सगळा प्रवास नसतो. हा दोष निवडीचा नव्हे. गाणे घराबाहेर काढले की एवढे गमवावे लागतेच, आणि वहीतील जागांचा रकाना मी त्यासाठीच आखला होता.

याच्या नेमका उलट अनुभव ‘डाइस’चा आला. फिन्ले क्वे आणि विल्यम ऑर्बिट यांच्या या गाण्यात बेथ ऑर्टन यांचा आवाज आहे. डिसेंबर २००३ मध्ये दाखवलेल्या नववर्षाच्या भागात मध्यरात्रीचे ठोके पडण्याआधी आपल्या प्रेयसीपाशी, मारिसापाशी पोहोचण्यासाठी रायन जिना चढत धावत सुटतो, त्या प्रसंगाखाली ते वाजते. क्वे यांच्या अल्बमवर ते ऐकताना मला सारखे वाटत राहिले, की काहीतरी कमी आहे. म्हणून तो प्रसंग आवाज बंद करून पाहिला, मग गाणे वेगळे ऐकले, आणि शेवटी दोन्ही एकत्र लावले. गाण्याची गती संथ आहे आणि रायनची पावले घाईची आहेत; दृश्याच्या वेगाशी बरोबरी करण्याचा प्रयत्न गाणे करतच नाही, आणि त्यामुळे घड्याळाचा काटा पुढे सरकत असूनही वेळ लांबत गेल्यासारखा भासतो. पॅटसावास यांच्या निवडीतील हे मला सर्वांत उत्तम काम वाटते. एखादे धावते रॉक गाणे तिथे सहज चालले असते आणि सहज विसरलेही गेले असते. वहीत ‘डाइस’समोर मी मूळ घर म्हणून मालिकेचेच नाव लिहिले आहे. नियमाला हा एकच अपवाद आजवर केला आहे.

जेटचे ‘मूव्ह ऑन’ ‘गेट बॉर्न’मधून ऐकून झाले. त्याविषयी विशेष लिहिण्यासारखे काही हाती लागले नाही. गोंगाटाच्या अल्बममधील ते शांत गाणे आहे, आणि संग्रहाला तेवढेच हवे असावे.

आवाजाच्या पातळीचीही एक नोंद करून ठेवतो. संग्रह आणि मूळ अल्बम यांची तुलना करताना दोन्हींची पातळी ‘रिप्लेगेन’ या आवाज मोजून समान करणाऱ्या पद्धतीने सारखी करून घेणे अत्यावश्यक आहे. मागच्या वेळी मी ते केले नव्हते, आणि ज्या प्रतीचा आवाज जरा मोठा होता तीच मला प्रत्येक वेळी ‘अधिक जिवंत’ वाटली. त्यामुळे दुसऱ्या नोंदीतील स्पूनच्या ध्वनीविषयीचे माझे मत मागे घेत आहे. पातळी सारखी केल्यावर दोन प्रतींमध्ये मला फरक सांगता आला नाही.

पाच अल्बम राहिले आहेत : जेम, जोसेफ आर्थर, द ८८, साउथ आणि मर्डॉक. यांपैकी मर्डॉकची गोष्ट वेगळी आहे, कारण ‘ऑरेंज स्काय’ मूळ २००२ च्या, त्याने स्वतःच काढलेल्या चार गाण्यांच्या छोट्या सीडीवरचे आहे आणि पूर्ण लांबीचा अल्बम २००६ मध्ये आला. संग्रह या दोहोंच्या मधला. तेव्हा त्याच्या जागेच्या रकान्यात दोन नोंदी येतील. दुसरी प्रत येईपर्यंत ते पान कोरे ठेवले आहे आणि पुढच्या आठवड्यात जोसेफ आर्थरचा ‘रिडेम्प्शन्स सन’ ऐकायला घेणार आहे.