इंग्लंडातली खुडूक कोंबडी

इंग्लंडात ओट्यावर निवडलेल्या मेथीचे देठ परसातल्या कोंबडीला टाकणं बेकायदा आहे. शिळी पोळी, भाताची खरवड, काकडीची सालं, सगळंच. तीच मेथी वाफ्यातून उपटून थेट कोंबड्यांपुढे टाकली तर चालते, पण स्वयंपाकघरातून फिरून आली की संपलं. घर पूर्ण व्हीगन असेल तरच सूट. आपली शाकाहारी घरं त्यात बसत नाहीत, कारण दूध आणि तूप आहे. मांसमच्छी उभ्या आयुष्यात न शिवलेल्या घरातला कोबीचा पाला सरकारच्या लेखी धोक्याचा.

कारण विचाराल तर आहे, आणि ते फालतू नाही. 2001 साली इथे लाळ्या-खुरकुताची साथ आली. तिचं मूळ नॉर्थम्बरलंडमधल्या एका डुकरांच्या गोठ्यात सापडलं, जिथे न उकळलेलं खरकटं डुकरांना घातलं जात होतं. साठ लाखांहून जास्त जनावरं मारावी लागली. त्यानंतर जनावरांना खरकटं घालणं बंद झालं. कोंबडीला लाळ्या-खुरकूत होत नाही, तरी तिच्याही तोंडचा घास गेला. आपल्याकडे कोंबड्या पिढ्यान् पिढ्या खरकट्यावरच वाढल्या, हे मात्र कुणी लिहून ठेवत नाही. असो. यावर उपाय एकच: तांदळाची कणी, गहू, मका बाहेरच्या शेडमध्येच उतरवायचं आणि घराचा उंबरा ओलांडू द्यायचा नाही.

गहू आणि मका लागतोच, कारण खुडूक, म्हणजे अंडी उबवायला ठाण मांडून बसलेल्या कोंबडीला अख्खं धान्य सोसतं. ती दिवसातून एकदा, फार तर पंधरा-वीस मिनिटं उठते. खाते, पिते, मातीत लोळते आणि एकच भली मोठी, नाक दाबायला लावणारी शीट टाकते. पेलेटवर, म्हणजे दाबून केलेल्या खाद्याच्या गोळ्यांवर ठेवली तर ती शीट पातळ होऊन खोक्यात पडण्याची शक्यता वाढते, आणि घाण लागलेलं अंडं नासतं. काही कोंबड्या उठतच नाहीत. त्यांना रोज ठरलेल्या वेळी उचलून बाहेर ठेवावं लागतं. उचलताना पंखाखाली हात घालून बघायचं, कारण बगलेत अंडं अडकलेलं असतं आणि वर आल्यावर खाली पडून फुटतं.

दुकानात मिळणाऱ्या तांबड्या हायब्रिड कोंबड्या इथे बहुतेक खुडूक बसत नाहीत. जास्त अंड्यांसाठी निवड करता करता त्यांच्यातली ती सवयच काढून टाकली आहे, कारण खुडूक बसली की अंडी बंद. त्यामुळे इथे लोक मुद्दाम सिल्की किंवा पेकिन बँटम (बँटम म्हणजे ठेंगणी कोंबडी) पाळतात. पूर्वी केंटमध्ये असलेल्या, आता लंडनच्या हद्दीतल्या ऑर्पिंग्टन गावावरून नाव पडलेल्या कोंबड्याही चांगल्या बसतात. आपल्या गावरान कोंबडीला यातलं काही शिकवावं लागत नाही, एवढं म्हणायला हरकत नाही.

खरी खुडूक ओळखायची कशी? ती खोक्यात भाकरीसारखी पसरते, हात नेला की पिसं फुलवून घशातून गुरगुरते, टोचते आणि तरी उठत नाही. पोटाखालची पिसं गळून कातडी उघडी पडलेली असते आणि हाताला गरम लागते. एक दिवस बसलेली कोंबडी खुडूक समजू नका. गोल्फचे चेंडू किंवा चिनी मातीची खोटी अंडी खाली ठेवून तीन दिवस बघा. रात्रीही तिथेच असेल तर खरी.

मग तिला हलवायचं, तेही अंधार पडल्यावरच. दिवसा हलवली तर जुन्या खोक्याकडे धाव घेते. नवं खोकं जमिनीवर हवं, साधारण 40 सेंटिमीटर चौरस. उंचावरच्या खोक्यातून पिल्लू पडलं की परत चढू शकत नाही. तळाशी गवताची उलटी ढेप आणि मध्ये किंचित खळगा, वर पेंढा. ढेपेमुळे ओल टिकते आणि अंडी कडेला घरंगळत नाहीत. इतर कोंबड्यांना तिथे जाता येऊ नये, नाहीतर त्या त्याच खोक्यात अंडी घालतात आणि एकाच वेळी सात दिवसांचं आणि एक दिवसाचं अंडं उबतं. तरीही प्रत्येक अंड्यावर शिसपेन्सिलीने खूण करा. पेनची शाई कवचातून आत झिरपू शकते.

बसवण्याआधी तिच्यावर उवांची आणि खोक्याच्या सांधीत लाल माइट या बारीक किड्यांची तपासणी करा. हे लाल किडे दिवसा फटीत लपतात आणि रात्री रक्त पितात. एरवी कोंबडी उठून दुसरीकडे जाईल, पण खुडूक जागा सोडत नाही. तीन आठवड्यांत रक्त कमी होऊन मरू शकते. लाकडी खोकं असेल तर सांध्यांतून पांढरं कापड फिरवा. लाल रेघा उठल्या तर खोकं बदला.

अंडी सात दिवसांपेक्षा जुनी नकोत, फ्रीजमधली नकोत, धुतलेली नकोत. पोस्टाने मागवलेली असतील तर टोकाची बाजू खाली करून चोवीस तास स्थिर ठेवा, प्रवासात हललेला हवेचा कप्पा जागेवर येऊ द्या. छोट्या बँटमखाली मोठी अंडी पाच-सहा, मोठ्या कोंबडीखाली नऊ ते बारा. जास्त ठेवली तर कडेची आळीपाळीने थंड पडतात आणि शेवटी सगळीच जातात. सातव्या दिवशी अंधारात टॉर्च लावून बघा. कोळ्यासारख्या रक्तवाहिन्या दिसल्या तर ठीक, नुसतंच स्वच्छ असेल तर काढा. अठराव्या दिवसानंतर हात लावू नका. एकविसाव्या दिवशी कवच टोचलं तर बाहेर यायला पिल्लाला पूर्ण दिवसही लागू शकतो. मदत म्हणून कवच सोललं की रक्तस्राव होतो.

दुसऱ्याची पिल्लं खुडूक कोंबडीला देणं हे खरं कसबाचं काम. कोंबडी निदान दहा-बारा दिवस बसलेली हवी, म्हणजे अंड्यांतून आवाज यायची वेळ जवळ आल्यासारखी ती तयार असते. पिल्लं एक ते तीन दिवसांची. चार-पाच दिवसांच्या पिल्लाला आईच्या पंखाखाली शिरायचं सुचत नाही. त्याला उघड्यावर उभं राहायची सवय लागलेली असते, आणि मग कोंबडी अनोळखी म्हणून टोचते.

रात्री दहानंतर, लाल बॅटरीच्या मंद उजेडात, मागून हात नेऊन एक पिल्लू पोटाखाली सरकवा आणि एक खोटं अंडं काढून घ्या. थांबा. कोंबडीने खालच्या पट्टीत 'कुक्‌-कुक्‌' केलं की दुसरं. ती गप्प राहिली आणि अंग ताठ ठेवलं तर बाकीची आज नको. सगळी पिल्लं शक्यतो एका रंगाची असू द्या, कारण काळ्या पिल्लांत एकच पिवळं असेल तर त्याला निवडून मारणाऱ्या कोंबड्या असतात. पहाट होताच जाऊन उभं राहायचं, कारण उजेडात ती पिल्लांना पहिल्यांदा पाहते. टोचणं चोचीने हलकंसं असेल तर तो धडा आहे. डोक्यावर जोरात असेल तर लगेच काढा. पिल्लं गरम ठेवायला विजेची हीट प्लेट आधीच चालू करून ठेवलेली असावी.

खाद्य दोघांना एकच: 18 ते 20 टक्के प्रथिनांचा पिल्लांचा चुरा. अंडी घालणाऱ्या कोंबडीच्या खाद्यात कॅल्शियम जास्त असतं, त्याने पिल्लांची मूत्रपिंडं खराब होतात. पाणी उथळ ताटलीत, त्यात गोटे टाकून, नाहीतर पिल्लू बोटभर पाण्यातही बुडतं.

नोंदणीचं सांगायचं राहिलं. 1 ऑक्टोबर 2024 पासून इंग्लंड आणि वेल्समध्ये एक कोंबडी असली तरी सरकारकडे नोंद करावी लागते, पैसे लागत नाहीत. हसू येतं खरं, पण फेब्रुवारी 2006 मध्ये नवापूरला बर्ड फ्लू निघाला तेव्हा कुणाच्या घरी किती कोंबड्या आहेत याची कुणाकडे यादी होती? इथे 7 नोव्हेंबर 2022 पासून इंग्लंडभर सगळ्यांना कोंबड्या आत ठेवायला लावल्या, तेव्हा यादी नसल्याची चणचण त्यांनाही भासलीच असणार.

खुडूकपण मोडायचं असेल तर आपल्याकडे नाकात पीस घालतात. ते करू नका, ही क्रूर गोष्ट आहे. इथेही थंड पाण्याच्या बादलीत बुडवणारे आहेत, तेव्हा फार तोऱ्यात यायचं कारण कुणालाच नाही. जमिनीपासून वर उचललेल्या जाळीच्या पिंजऱ्यात तीन दिवस ठेवा. खालून वारा लागून पोट थंड होतं, खुडूकपण उतरतं.

आणि अर्धी पिल्लं कोंबडे निघणार. 1950 च्या अलॉटमेंट कायद्याने भाड्याच्या भाजीवाफ्यावर कोंबड्या ठेवायची मुभा आहे, कोंबडा नाही. परसात ठेवलात आणि जूनमध्ये पहाटे चारला तो आरवला की शेजारी पालिकेकडे जातात. पाच-सहा आठवड्यांत तुरा लाल आणि पाय जाड झाले की ओळखू येतात. कोंबडा घ्यायला कुणी तयार नसतं, हे अंडी मागवण्याआधीच लक्षात घ्या. घरच्यांच्या खाण्यासाठी स्वतःच्या जागेत कापता येतो, फक्त तो विनाकारण तडफडू देता कामा नये. रश्शासाठी पाच महिन्यांचा बरा.