कोण कुणाचं अनुमान काढतंय

मंगळवार, रात्री अकरा

पोळ्या लाटता लाटता लेकीला इन्फरन्स, म्हणजे अनुमान काढणं, शिकवायला गेले आणि कणकेचा अंगठा उमटला पानावर. पुस्तक शाळेचं. बोलणी कुणाला बसणार ते सांगायला नको.

ती पाचवीत आहे. पुस्तक लोइस लौरी यांचं 'नंबर द स्टार्स'. न्यू जर्सीत १९९४ पासून कायद्यानंच शाळांमध्ये होलोकॉस्ट, म्हणजे नाझींनी केलेला ज्यूंचा संहार, शिकवतात, त्यामुळे हा विषय कधी ना कधी आमच्या जेवणाच्या टेबलावर येणारच होता. वर्कशीटवर तीन चौकोन: प्लॉट, कॅरेक्टर, इन्फरन्स. तिसऱ्या चौकोनात चक्क सूत्र दिलंय. पुस्तकातली खूण अधिक तुला आधीच माहीत असलेलं, बरोबर अनुमान. मी म्हटलं, "अगं, म्हणजे शितावरून भाताची परीक्षा." तर म्हणे, "शीत म्हणजे?" कुकर उघडून दाखवावं लागलं.

मग पाचवं प्रकरण मोठ्यानं वाचलं. १९४३चं कोपनहेगन. डेन्मार्क तीन वर्षांपासून जर्मनांच्या ताब्यात. दहा वर्षांच्या अ‍ॅनमरीच्या घरी तिची ज्यू मैत्रीण एलन लपलेली, कारण आता ज्यूंची धरपकड होणार हे कळलंय. पहाटे सैनिक दार ठोठावतात. एलनच्या गळ्यात सहा टोकांच्या चांदणीची, म्हणजे ज्यूंच्या खुणेची साखळी, तिची कडी काही निघत नाही. अ‍ॅनमरी ती हिसडून तोडते आणि मुठीत दाबून उभी राहते. ही आपली थोरली मुलगी लिसा, असं आईवडील सांगतात. खरी लिसा वारलेली आहे.

अधिकारी एलनचे केस हातात धरतो. घरातल्या दोघी मुली सोनेरी केसांच्या, आणि ही काळ्या केसांची कुठून आली?

इथे मी वाचायची थांबले. वर्कशीटचं सूत्र यानं किती चोख पाळलंय! खूण: काळे केस. आधीच माहीत असलेलं: तो काय शोधायला आलाय ते. उत्तरही बरोबर. इतक्या पानांत सगळ्यात पक्कं अनुमान याचं, आणि ते खरं ठरलं तर एक पोरगी मरणार.

माझं बालपण अलिबागचं. ज्यू म्हणजे इस्राएल आळीतली माणसं, किहीमकर, राजपूरकर अशा आडनावांची, आमच्यासारखंच मराठी बोलणारी. आजी त्यांना शनवार तेली म्हणायची, शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून. केस त्यांचेही काळे, आमचेही काळे. तिथे या साहेबाला केसांवरून काय डोंबल कळलं असतं?

तर पुस्तकातले वडील शांतपणे अल्बम काढतात आणि तिन्ही मुलींचे तान्हेपणचे फोटो टराटरा फाडून त्याच्या हातात देतात. लिसा जन्मली तेव्हा तिचे केस काळे होते, फोटोखाली नावही आहे. सैनिक परत जातात.

मी पुढे जाणार तेवढ्यात लेक म्हणाली, "आई, पण त्यांनी फाडले का? नीट काढून का नाही दिले?" मी म्हटलं, घाई असेल. तिनं पुढच्या ओळींवर बोट ठेवलं. पानाच्या तळाशी तारीख होती. लिसाचा जन्म एकवीस वर्षांपूर्वीचा. फोटो फाडला म्हणून तारीख मागे राहिली.

एम.ए. मराठी मी. गप्प पोळी उलटली.

गुरुवार

प्लॉटचा चौकोन म्हणजे डोंगराचं चित्र. शिखरावर, म्हणजे गोष्टीचा कळस म्हणून, काय लिहायचं यावरून आमचं वाजलं. मी म्हणे फोटोची रात्र. ती म्हणे रुमाल. रुमालाची टोपली घेऊन अ‍ॅनमरी पहाटे जंगलातून, एलनला लपवून स्वीडनला नेणाऱ्या मामाच्या होडीकडे पळते, वाटेत सैनिक कुत्र्यांसह अडवतात. तेव्हा ती मुद्दाम आपल्या पाच वर्षांच्या बहिणीसारखी बावळट बडबड करते. कॅरेक्टरचा चौकोन यावरच भरला. धाकटीची बडबड सुरुवातीपासून का पेरली होती, ते मला तेव्हा कळलं.

रुमालाची गोष्ट खरी आहे, हे लेखिकेनंच शेवटी सांगितलंय. होड्या हुंगणाऱ्या सैनिकांच्या कुत्र्यांना फसवायला त्यावर सशाचं वाळवलेलं रक्त आणि कोकेनची पूड असायची. रक्ताच्या वासानं कुत्रं नाक खुपसतं आणि कोकेननं त्याची वासाची शक्तीच तात्पुरती जाते. सुमारे ७,२०० ज्यू असे मासेमारीच्या आणि इतर होड्यांतून स्वीडनला पोचले. सगळे नाही. मामाच्याच गिलेलाये गावात चर्चच्या माळ्यावर ८०च्या आसपास लोक लपले होते, ते पकडले गेले. हे पुस्तकात नाही, मी लेकीला सांगितलंही नाही.

शुक्रवार

आता मामा. फोनवर अ‍ॅनमरीचे वडील मामाला विचारतात, मासेमारीला हवा बरी आहे का? आणि सांगतात, बायको मुलींना घेऊन येतेय, येताना सिगारेटचं खोकं आणेल. खोकं म्हणजे एलन. पुढे मामाच्या घरी बिर्ते नावाची आजी वारलेली असते, तिची शवपेटी घरात, आणि अशी आजी नव्हतीच कधी, हे पोरगी ओळखते. मामा कबूल करतो. म्हणतो, सगळं माहीत नसलं की धीर धरणं सोपं जातं. पेटीत गरम कपडे आणि पांघरुणं.

म्हणजे आपण मुलांना "ओळख बघू" म्हणून मार्क देतो, आणि इथे मोठी माणसं पोरीला ओळखता येऊ नये म्हणून जिवाचं रान करतायत. लिसा कशी गेली, हेही तिला शेवटच्या प्रकरणात कळतं. अपघात नव्हता तो. ती भूमिगत चळवळीत होती, जर्मनांनी तिला गाडीखाली घातलं होतं.

पाचव्या प्रकरणावरच्या 'या प्रकरणात कोण अनुमान काढतं?' या प्रश्नाला लेकीनं 'जर्मन ऑफिसर' असं लिहिलं. ओळी दोनच दिलेल्या, म्हणून कारण समासात, उभं. बाईंना चालेल का, देव जाणे. मी खोडायला सांगितलं नाही.

वर्कशीट दप्तरात कोंबता कोंबता तिनं विचारलं, "आई, तू मला काय काय सांगत नाहीस?"

मी म्हटलं, "ताटं घे."

ताटं मांडली तिनं. पण मांडताना माझ्याकडेच बघत होती.