सूर्य तिकडून नाही निघत

काल पुरीहून परत आलो, अंग अजून ट्रेनमध्येच हलतंय असं वाटतंय, पण हे आजच लिहून ठेवायचंय.

समुद्रातून सूर्य वर येताना बघायचा, फोटो काढायचा, ही माझी फार जुनी इच्छा. आम्ही नागपूरचे, समुद्र म्हटलं की मुंबई नाहीतर कोकण, आणि तिथं तो समुद्रात बुडतो. मावळतीचे फोटो तर इथं फुटाळा तलावावरच ढीगभर काढलेत. म्हणून यंदा संक्रांत झाली की आईला घेऊन सरळ पुरी.

तिकडे सूर्य नागपूरपेक्षा जवळपास अर्धा तास आधी निघतो, म्हणून साडेपाचलाच वाळूवर पोचलो. अंधार, वारा, लाटांचा आवाज. मी ट्रायपॉड समुद्राकडे सरळ तोंड करून लावला, पूर्व किनारा आहे म्हणजे समोर पूर्वच असणार, इतकं ते डोक्यात पक्कं बसलेलं. लाट आली की पायाखालची वाळू निघून जायची आणि ट्रायपॉड एका बाजूनं खचायचा, परत मागं घ्या, परत लेव्हल करा, त्यात लेन्सवर खारे तुषार.

आई मागं शाल गुंडाळून उभी होती. म्हणाली, "तू काहून तिकडे तोंड करून बसला? तो तिकडून नाही निघत. त्या होड्यांच्या अंगानं निघेल बघ." मी विचारलं तुला कसं माहीत. तर म्हणे काल संध्याकाळी तो उजवीकडे, पार किनाऱ्याच्या टोकाशी बुडाला ना, मग आज डावीकडूनच येणार, फक्त पौष आहे म्हणून थोडा समुद्राकडे सरकून, थंडीत तो उगवतानाही दक्षिणेकडे असतो न मावळतानाही. तीस वर्षं गच्चीवर वड्या न कुरडया वाळवल्यात तिनं, ऊन कोणत्या महिन्यात कुठून येतं ते तिला पाठ आहे. पुरीचा किनारा मुळात दक्षिण-आग्नेयेला तोंड करून आहे हे मी नंतर नकाशात बघितलं.

ट्रायपॉड उचलून डावीकडे फिरवला आणि तिकडे आकाश आधीच तांबूस व्हायला लागलेलं! पाण्याच्या रेघेवर धुकट होतं त्यामुळे तो रेघेतून नाही निघाला, जराशा वरून एकदम दिसला, कुंकवासारखा, डोळे लावून बघता येईल असा, खालून थोडा चेपलेला. नोलिया, म्हणजे तिथले कोळी लोक, तेलुगूत ओरडत होडी पाण्यात ढकलत होते, ती बरोबर त्याच्याखाली आली. दोन-तीन मिनिटं फक्त, मग तेज वाढलं आणि रंग उडून गेला. चाळीसेक फ्रेम काढल्या, त्यातली एक मला हवी तशी आहे, होडीला खांदा लावलेली पाच माणसं आणि वर तो. आईचं बोट नसतं तर ती निघालीच नसती.

आज पावणेसातला दोघं गच्चीवर गेलो. तो शेजारच्यांच्या पाण्याच्या टाकीला लागून निघाला. आई म्हणाली उन्हाळ्यात लिंबाच्या मागून येतो, टाकीपासून लिंबापर्यंत चालत जातो रोज थोडा थोडा. खरंय, 22 डिसेंबरपासूनच तो उत्तरेकडे वळतो. कठड्यावर खडूनं रेघ मारलीय. आता 21 जूनपर्यंत दर रविवारी एक रेघ न एक फोटो, उभं राहायची जागा आई ठरवेल.