अ‍ॅप्रोबेशन की प्रोबेशन?

इंग्लिश सुधारायचं म्हणून मी आधी जाडजूड डिक्शनरी घेऊन बसलो होतो, ए संपायच्या आत झोप लागायची. मग मित्राने डेल कार्नेगीचं १९३६ सालचं ते मित्र जोडायचं इंग्लिश पुस्तक, 'हाऊ टू विन फ्रेंड्स अँड इन्फ्लुएन्स पीपल', दिलं, कव्हर फाटलेलं, आणि अंबड एमआयडीसीला जाताना बसमध्ये रोज चार-पाच पानं वाचायची सवय लागली.

कार्नेगी प्रौढ माणसांना भाषण करायला शिकवायचा, त्या क्लासमधूनच हे पुस्तक झालं, म्हणून वाक्यं बोलल्यासारखी आहेत आणि एकच मुद्दा चार गोष्टींतून सांगतो. आपल्याला तेच तर पाहिजे ना, कारण पहिल्या गोष्टीत अडलेला शब्द तिसऱ्या गोष्टीपर्यंत आपोआप कळतो. क्रिटिसाइझ, कन्डेम, कम्प्लेन हे तिन्ही मला आधी सारखेच वाटायचे. आता कळतं की पहिलं म्हणजे चुका काढणं, दुसरं म्हणजे पार धिक्कारच आणि तिसरं आमची आई भाजीवाल्याबद्दल करते ते.

जोशात येऊन सॅम्युअल स्माइल्सचं १८५९ चं 'सेल्फ-हेल्प' पण उघडलं, पण त्यातली वाक्यं म्हणजे कुंभमेळ्याची रांग, टोकच दिसत नाही. सध्या ठेवून दिलंय.

हां, एक घोळ झाला. अ‍ॅप्रोबेशन म्हणजे शाबासकी, हा शब्द मला फारच आवडला म्हणून ज्युनिअरचं कौतुक करायला मेलमध्ये टाकला, तर पोरगा पांढराफटक होऊन टेबलाशी आला, "सर, माझं प्रोबेशन वाढवलं का?"

चहा मीच पाजला.