हानाफुदाच्या डावातली डावी बाजू

क्योतो शहरातल्या एका डे-सर्व्हिस केंद्रात मी वृद्धांच्या शुश्रूषेचे काम करते. सकाळी गाडीने येणाऱ्या आजी-आजोबांचा रक्तदाब आणि ताप मोजायचा, त्यांना आंघोळ घालायची, दुपारचे जेवण वाढायचे आणि जेवणानंतरचा वेळ त्यांचे मन रमेल अशा रीतीने घालवायचा, हा आमचा रोजचा क्रम असतो. या दुपारच्या वेळातच मी हानाफुदा शिकले, आणि ज्यांच्याकडून शिकले त्या आजोबांच्या बाबतीत घडलेला प्रसंग इथे लिहीत आहे.

हानाफुदा हा फुले गोळा करण्याचा खेळ आहे. बारा महिने, प्रत्येक महिन्याचे एक फूल किंवा झाड आणि प्रत्येकाचे चार पत्ते, असे एकूण 48 पत्ते असतात. पत्ता काडेपेटीएवढाच, पण चांगला जाड असतो आणि त्याच्यावर आकडा नसतो. फेब्रुवारीचा प्लम, मार्चचा साकुरा म्हणजे चेरीचा मोहोर, जूनचे पिओनी, सप्टेंबरची शेवंती, ऑक्टोबरचा मेपल हे सारे चित्रावरूनच ओळखावे लागते. एप्रिलच्या फुजीचे, म्हणजे विस्टेरियाच्या वेलीचे, घोस खाली लोंबतात आणि जुलैच्या हागी या फुलझाडाच्या फांद्या वर जातात, हे पक्के होईपर्यंत नवशिक्याच्या हातात पत्ता हमखास उलटा येतो. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी आणलेल्या पत्त्यांवर पुढे बंदी आली, तेव्हा बंदी चुकवत चुकवत जपानी पत्त्यांची रूपे पालटत गेली आणि त्यातूनच ही फुले पत्त्यांवर आली. आज व्हिडिओ गेमसाठी जगभर ओळखली जाणारी निन्तेन्दो ही कंपनी 1889 मध्ये याच क्योतोत हानाफुदा बनवण्यासाठी सुरू झाली होती.

आजोबांना या गोष्टीचा फार अभिमान होता. ते निवृत्त सुतार होते आणि केंद्रातला कॅट न वापरता खोक्यावर नेपोलियनचे चित्र असलेला स्वतःचा निन्तेन्दोचा कॅट घेऊन येत. माझे जपानी तेव्हा कामापुरतेच होते, त्यामुळे त्यांच्याशी माझा खरा संवाद झाला तो पत्त्यांतून. मी सावंतवाडीची आहे, आमच्याकडे लाखकाम केलेले गोल गंजिफा असतात आणि दशावतारी गंजिफाचे 120 पत्ते असतात, असे मी त्यांना मोबाइलवर चित्र दाखवून सांगितले होते, तेव्हा त्यांनी ते चित्र मोठे करून रेषांचे काम कितीतरी वेळ न्याहाळले होते.

आम्ही खेळत असू तो प्रकार ‘कोई-कोई’. दोघांच्या हातात आठ-आठ पत्ते आणि मधल्या कापडावर चार-चारच्या दोन ओळींत आठ पत्ते उघडे मांडायचे. हातातला पत्ता खालच्या एखाद्या पत्त्याच्या महिन्याशी जुळला तर दोन्ही उचलायचे, नाहीतर तो खाली ठेवायचा, आणि मग गड्डीतला वरचा पत्ता उलटून त्याचेही तसेच करायचे. ठरावीक पत्त्यांचा संच जमला की गुण घेऊन डाव थांबवता येतो, किंवा ‘कोई-कोई’ म्हणून आणखी मोठ्या संचासाठी खेळत राहता येते. शेवंतीच्या एका पत्त्यावर साकेचा, म्हणजे तांदळाच्या मद्याचा, लाल पेला असतो. मार्चचा पडद्याचा पत्ता आणि हा पेला एवढे दोनच पत्ते मिळाले तरी संच होतो, म्हणून खेळणाऱ्या प्रत्येकाचा त्या पेल्यावर डोळा असतो.

त्या दुपारी जेवणानंतर आम्ही नेहमीप्रमाणे बसलो. आजोबांनी पडद्याचा पत्ता पहिल्याच हाताला उचलला होता. पेला खाली उघडा होता, त्यांच्या डाव्या हाताकडच्या टोकाला. त्यांनी हातातून शेवंतीचा साधा पत्ता काढला, खालच्या पत्त्यांवरून नजर फिरवली आणि जोडी नसल्यासारखा तो पत्ता उजवीकडे ठेवून दिला. मला डावपेचाची शंका आली, पण अशा जागी डावपेच संभवत नाही. समोर ठेवलेले गुण कोणी सोडत नाही. पुढच्या वेळी त्यांनी गड्डीतून मेपल उलटला. मेपलचाच हरणाचा पत्ता डावीकडे होता, तोही त्यांना दिसला नाही. या सगळ्या वेळात ते माझ्याशी अगदी स्पष्ट बोलत होते, हवेबद्दल, नातवाच्या परीक्षेबद्दल. शब्द अडखळत नव्हता, चेहरा वाकडा दिसत नव्हता.

मी पत्ते नीट मांडण्याच्या निमित्ताने पेल्याचा पत्ता उचलून उजव्या टोकाला ठेवला. आजोबांच्या हातात शेवंतीचा आणखी एक पत्ता होता. त्यांनी तो तत्क्षणी पेल्यावर मारला आणि ‘हा कुठून आला?’ असे खरोखरच्या आश्चर्याने विचारले. मी पत्ते तसेच टाकून नर्सबाईंना हाक मारली.

त्यांनी आजोबांना डोळे मिटून दोन्ही हात पुढे धरायला सांगितले. डावा हात हळूहळू खाली आला, आणि तो खाली आल्याचे आजोबांना समजलेच नाही. रक्तदाब सकाळपेक्षा बराच वाढला होता. 119 ला फोन झाला, रुग्णवाहिका आली, आणि आजोबा मात्र आपल्याला काहीही झालेले नाही, डाव पूर्ण होऊ द्या, असे रागावून सांगत राहिले. मेंदूच्या उजव्या भागाला इजा झाली की बोलणे बहुधा शाबूत राहते, परंतु डावीकडचे जग लक्षातून निसटते आणि ते निसटल्याची जाणीवही रुग्णाला नसते, हे मी प्रशिक्षणात शिकले होते. प्रत्यक्ष पाहिले ते त्या दिवशी.

रुग्णवाहिकेतल्या जवानांनी सर्वात आधी विचारले की ते शेवटचे पूर्णपणे ठीक केव्हा होते. गुठळी विरघळवणारे औषध लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आतच देता येते, आणि सुरुवात कोणी पाहिली नसेल तर शेवटच्या ठीक क्षणापासून वेळ मोजतात. नोंदवहीत रक्तदाब होता तो सकाळचा, म्हणजे हातातले बरेचसे तास वाया गेले असते. मला जेवणाचा ट्रे आठवला. जपानी पद्धतीत भाताची वाटी डावीकडे आणि मिसो सूप उजवीकडे ठेवतात. आजोबांचा ट्रे मीच उचलला होता आणि भाताची वाटी तळापर्यंत रिकामी होती, डाव्या कोपऱ्यातले लोणचेही संपलेले होते. साडेबारापर्यंत त्यांना डावी बाजू व्यवस्थित दिसत होती, असे मी सांगितले आणि जवानांनी ते लिहून घेतले.

पुढचे आम्हाला त्यांच्या मुलीकडून कळले. मेंदूच्या उजव्या बाजूच्या धमनीच्या एका शाखेत गुठळी होती आणि औषध वेळेत देता आले. हाताची ताकद लवकर परतली. डावीकडचे लक्ष परतायला मात्र महिने लागले. पुनर्वसन रुग्णालयात त्यांना आधी डाव्या कडेची लाल पट्टी शोधायची आणि तिथून उजवीकडे वाचत यायचे, असा सराव दिला होता. ते पुन्हा केंद्रात येऊ लागले तेव्हा आम्ही खेळाच्या कापडाच्या डाव्या काठालाही तशीच लाल पट्टी चिकटवली. पहिल्या काही डावांत त्यांनी पट्टीवर बोट ठेवून आठही पत्ते मोठ्याने महिन्याच्या नावाने म्हटले. यामुळे खेळ संथ होई, पण बाकीचे आजी-आजोबा न कुरकुरता थांबत, कधी कधी त्यांच्याबरोबर महिनेही म्हणत.

आमच्या नोंदवहीत जेवणाच्या रकान्यात पूर्वी भात आणि इतर पदार्थ दहापैकी किती खाल्ले, एवढेच लिहिले जाई. आता ट्रेच्या कोणत्या बाजूचे उरले हेही लिहितो आणि त्यापुढे वेळ टाकतो.