मत मांडा, आणि दुसऱ्या दिवशी आरतीलाही जा

‘रात्री दहानंतर स्पीकर बंद ठेवू या.’ इंदूरच्या रामबागेत काय किंवा लोकमान्य नगरात काय, मंडळाच्या ग्रुपवर एवढं टाकलं की लगेच उत्तर येतं, ‘तुम्हाला उत्सवच नकोय का?’ मग आपण घटनेचं कलम १९, म्हणजे बोलण्याचं स्वातंत्र्य, पुढे करतो. पण ते कलम मुख्यतः सरकारला आवर घालतं. शेजाऱ्यांनी आपल्याशी गोड बोलावं, अशी सोय त्यात नाही. अ‍ॅडमिनने ग्रुपमधून काढलं, हळदीकुंकवाचं बोलावणं चुकलं, तर मनाला लागतं, खरंच लागतं. पण न बोलावण्याची मुभा त्यांनाही आहे. हे धरूनच लिहायला बसावं.

लिहिण्याआधी नियम वाचा. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर चालत नाही. मात्र राज्य सरकार सण-उत्सवांसाठी वर्षात जास्तीत जास्त १५ दिवस १२ वाजेपर्यंत सूट देऊ शकतं. नेमकी अशी सूट दिलेल्या दिवशी तक्रार केलीत, तर तोंडघशी पडाल आणि पुढची खरी तक्रारही कोणी ऐकणार नाही.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो शब्दांत. ‘वर्गणीचा हिशेब अजून मिळालेला नाही’ ही विचारणा झाली. ‘पैसे खाल्ले’ हा आरोप झाला, आणि ज्याच्यावर केला तो माणूस भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली बदनामीचा खटला भरू शकतो. शिक्षा दोन वर्षांपर्यंत. तिथे ‘खरं तेच बोललो’ एवढ्यावर भागत नाही. ते लोकहितासाठी बोललात हेही दाखवावं लागतं. म्हणून पावती, तारीख, रक्कम लिहा आणि माणसाच्या हेतूबद्दल गप्प बसा. मेसेज रात्री लिहून ठेवावा, सकाळी टाकावा. व्हॉट्सअ‍ॅपवर दुरुस्तीला १५ मिनिटंच मिळतात, आणि डिलीट केलं तरी स्क्रीनशॉट फिरतच राहतो.

अबोला सोसायचा. धमकी, मारहाण, दाराची तोडफोड मात्र मुळीच सोसायची नाही. ते गुन्हे आहेत, थेट ठाण्यात जा. महाराष्ट्राचा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा इंदूरला लागू नाही, त्याच्या भरवशावर राहू नका.

चूक आपली निघाली, तर जिथे लिहिलं तिथेच, तेवढ्याच ठळकपणे कबूल करा. नसेल, तर शब्द मागे घेऊ नका. संध्याकाळी आरतीला नेहमीच्या जागी उभे राहा. कोणी ताम्हन पुढे केलं नाही, तर आपण हात पुढे करून आरती घ्यावी.